चौदा विजय आणि बुलपेनची वही

२ जुलै २०२२ च्या सामन्याआधी सिॲटल मरिनर्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या नावापुढे ३७ विजय आणि ४२ पराभव होते. १७ जुलैचा सामना संपला तेव्हा ५१ आणि ४२. मधल्या सोळा दिवसांत संघ चौदा सामने खेळला आणि चौदाही जिंकला. एवढी लांब विजयमालिका घेऊन मोसमाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सामन्याच्या सुट्टीत त्याआधी कुठलाच संघ गेला नव्हता. संघाचा स्वतःचा विक्रम २००१ सालचा, सलग १५ विजयांचा. तो एका सामन्याने वाचला.

निकाल सांगायला एवढ्या ओळी पुरतात. ते सोळा दिवस संघाच्या मागोमाग राहायचं तर रोज काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि कुठे फसगत होते, हे सांगायला जास्त जागा लागते. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो सामन्यांच्या संख्येचा. एका मोसमात १६२ सामने, आठवड्याला सहा-सात. रोज उठून फक्त कोण जिंकलं ते बघत राहिलं तर पंधरवड्यात जीव कंटाळतो. काल कोणी किती चेंडू टाकले आणि त्यामुळे आज कोण शिल्लक आहे, हे बघायला लागलो की मग तोच जुलै रंगतदार होतो. म्हणून माझा सगळा भर एका वहीवर असतो. वही बुलपेनची, म्हणजे सामन्याच्या मधून बदली येणाऱ्या पिचरांची (चेंडू टाकणाऱ्यांची).

आधी वेळापत्रक. मोसमाचं आख्खं पत्रक चिकटवून काही होत नाही, पुढच्या तीन आठवड्यांचं हाताने उतरवून घ्यावं. २ आणि ३ जुलैला घरच्या मैदानावर ओकलंडशी दोन सामने. ४ आणि ५ ला सॅन डिएगोत दोन. ६ ला सुट्टी. ७ ते १० टोरोंटोशी घरी चार. ११ ला सुट्टी आणि देश ओलांडून प्रवास. १२ आणि १३ ला वॉशिंग्टन डी.सी. १४ ते १७ टेक्ससमध्ये चार. उतरवताना सुट्टीच्या दिवसाखाली जाड रेघ मारायची, कारण पुढचा सगळा हिशेब त्या रेघांवर चालतो. सिॲटल हा नकाशाच्या कोपऱ्यातला संघ. गटातला तेव्हाचा सर्वात जवळचा प्रतिस्पर्धी, ओकलंड, तोही हजारभर किलोमीटरवर. त्यामुळे प्रवास हा पत्रकातला छुपा सामनाच धरावा लागतो.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. उन्हाळ्यात सिॲटल आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. तिथला संध्याकाळी ७:१० चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:४० ला सुरू होतो, म्हणजे पहिला चहा आणि ऑफिसची बस यांच्या मधोमध. दुपारी १:१० चा सामना मात्र रात्री १:४० ला. संघ पूर्व किनाऱ्यावर गेला की ७:०५ चा सामना पहाटे ४:३५ ला आणि टेक्ससमधला ७:०५ चा पहाटे ५:३५ ला. सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. आपण ९ जुलैच्या सकाळी बघतो तो सामना नोंदीत ८ जुलैचा असतो. वहीत नेहमी तिथली तारीख लिहायची, नाहीतर आठवड्याभरात एक दिवस हरवतो आणि पिचरची विश्रांती चुकीची मोजली जाते.

प्रक्षेपणाचीही एक मेख आहे. लीगचं स्वतःचं इंटरनेट वर्गणीचं पॅकेज भारतातून घेतलं तर बहुतेक सगळं दिसतं. पण सिॲटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडला नोकरीसाठी गेलेली आपली मंडळी तेव्हा तेच पॅकेज विश्वासाने विकत घ्यायची आणि मग कळायचं, की वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो, अलास्का इथे मरिनर्सचेच सामने त्यावर बंद असायचे, कारण स्थानिक केबल वाहिनीचे हक्क वेगळे होते. शिवाय २०२२ पासून शुक्रवारचे काही सामने ॲपल टीव्हीकडे गेले. त्या दिवशी नेहमीच्या जागी नुसता काळा पडदा. रेडिओला असली बंधनं कमी. ऑडिओची वर्गणी फार स्वस्त आणि तेव्हा रिक रिझ यांचं समालोचन ऐकत गाडी चालवता यायची, भांडी घासता यायची. बेसबॉल हा रेडिओचा खेळ आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात आवाज पुरतो, चित्र उगाचच थांबून राहतं. त्यातून २०२२ मध्ये पिचरसाठी वेळ मोजणारं घड्याळ आलेलं नव्हतं (ते २०२३ ला आलं), त्यामुळे साधा नऊ इनिंगचा सामना (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ तीन-तीन आउट होईपर्यंत एकेकदा खेळतात) तीन तास घ्यायचा.

आता वही. आडव्या पानावर डावीकडे आठ रिलीव्हरांची, म्हणजे बदली पिचरांची, नावं, वर तारखा. त्या वर्षी २० जूनपासून नियम लागू झाला, की २६ जणांच्या चमूत पिचर जास्तीत जास्त तेरा. सामना सुरू करणारे पाच स्टार्टर धरले तर बुलपेनमध्ये आठ उरतात. मरिनर्सकडे तेव्हा शेवटच्या इनिंगा सांभाळणारे म्हणजे पॉल सीवॉल्ड, आंद्रेस मुन्योझ, एरिक स्वॉन्सन, डिएगो कॅस्टियो. त्यांच्या मागे पेन मर्फी, मॅट फेस्टा, रायन बोरुकी. प्रत्येक चौकटीत त्या दिवशी टाकलेल्या चेंडूंची संख्या. इनिंग लिहून उपयोग नाही, कारण एक इनिंग आठ चेंडूंतही संपते आणि तीसमध्येही.

वाचायचं असं: पंधराच्या आत असेल तर माणूस उद्या परत येऊ शकतो. पंचवीसच्या वर गेला तर उद्या तो बसणार असं धरावं. दोन दिवस लागोपाठ टाकले असतील तर तिसऱ्या दिवशी मॅनेजर (इथला मुख्य प्रशिक्षक) बहुधा हात लावत नाही. लावलाच तर चौथ्या दिवशी सक्तीची सुट्टी. हे कुठल्या नियमपुस्तकात नाही, संघागणिक थोडं बदलतं, पण अंदाज बांधायला पुरतं.

या आकड्यांत एक गोष्ट येत नाही आणि बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. बुलपेनमध्ये उठून अंग गरम केलं, पंचवीस-तीस चेंडू टाकले आणि मग फोन वाजला, "बस खाली", तर त्याची नोंद धावफलकात कुठेच होत नाही. खांदा मात्र दमतो. म्हणून टीव्हीवर बुलपेन दाखवलं किंवा रेडिओवर "अमका उठलाय" असं ऐकू आलं की त्या नावापुढे रिकामा गोल काढायचा. दोन गोल म्हणजे मी एक अर्धा सामना धरतो. सकाळी नुसता धावफलक वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की ताजातवाना दिसणारा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) आज का आला नाही. त्याचं उत्तर या गोलांत असतं.

स्टार्टरांसाठी वेगळं पान. रॉबी रे, लोगन गिल्बर्ट, मार्को गोन्झालेझ, क्रिस फ्लेक्सन, जॉर्ज कर्बी. दर पाचव्या दिवशी एक, म्हणजे मध्ये चार दिवस विश्रांती. सुट्टी आली की पाच. नव्वद ते शंभर चेंडू झाले की बाहेर. कर्बीचं उदाहरण इथे नीट बघण्यासारखं आहे. तो त्याच वर्षी मे महिन्यात पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये आला होता आणि चांगलं टाकत होता. तरीही जुलैत त्याला काही दिवस टाकोमाच्या दुय्यम संघात धाडलं. दुखापत नव्हती, फॉर्मही गेला नव्हता. तरुण खांद्याने मोसमात किती इनिंगा टाकायच्या याची मर्यादा ठरलेली होती आणि सप्टेंबरसाठी काही शिल्लक ठेवायच्या होत्या. बातमी वाचून चाहते चिडतात, पण हिशेब मांडला की निर्णय कळतो. सुट्ट्यांमुळे चार स्टार्टरांवर भागत असेल तर पाचवा हात वाचवायला हीच वेळ. पिचरला एकदा खाली पाठवला की किमान पंधरा दिवस परत आणता येत नाही, वर कोणी जखमी झाला तर गोष्ट वेगळी. म्हणून पाठवण्याचा दिवसही सुट्टी आणि ऑल-स्टार बघूनच ठरतो.

त्या पंधरवड्यात आणखी एक भानगड होती. २६ जूनला अनाहाइममध्ये एंजल्सबरोबर मैदानावर मोठी हाणामारी झाली आणि लीगने जेसी विंकरला सात, जे. पी. क्रॉफर्डला पाच आणि हुलिओ रॉड्रिगेझला दोन सामन्यांची बंदी घातली. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो, पण बंदी घातलेल्याच्या जागी कोणी घेता येत नाही. संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. म्हणून खेळाडू अपील करतात, बंदी थोडी कमी होते आणि तिघं एकदम बाहेर बसत नाहीत. वहीच्या कडेला "आज किती जण" असा एक आकडा लिहून ठेवला की बदली फलंदाज का आला नाही हे कोडं सुटतं.

आता प्रत्यक्ष सामना उतरवून घेणं. मैदानावर छापील कार्ड मिळतं, घरी चौकटींचा कागद चालतो. नऊ फलंदाज उभे, नऊ इनिंग आडव्या, प्रत्येक चौकटीत चार बेसचा लहानसा हिरा. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, आणि त्याला सहा का, हे पहिला आठवडाभर डोक्यात शिरत नाही. पाठ करून टाकावं.

समजा अर्धी इनिंग अशी झाली. पहिल्याने शॉर्टस्टॉपकडे जमिनीवरून मारला, त्याने पहिल्या बेसला फेकला: ६-३, एक आउट, चेंडू चार. दुसऱ्याला चार बॉल (टप्प्याबाहेरचे चेंडू) मिळून वॉक, म्हणजे फुकट पहिला बेस: हिऱ्याची पहिली बाजू गिरवायची, चेंडू सहा. तिसऱ्याने उजवीकडे सिंगल मारला, आधीचा धावत तिसऱ्या बेसवर गेला: त्याच्या हिऱ्याच्या आणखी दोन बाजू, चेंडू दोन. चौथ्याने दुसऱ्या बेसवाल्याकडे मारला, तिथून शॉर्टस्टॉप, तिथून पहिला बेस: ४-६-३, दुहेरी बाद, चेंडू तीन. एकूण पंधरा चेंडू, धाव शून्य. तिसऱ्या बेसवरचा तिथेच राहिला, त्याची चौथी बाजू कोरी. टीव्हीवर हे "काही झालं नाही" असं वाटतं. कागदावर दिसतं, की पिचर वॉक देतोय आणि तो एका ग्राउंडरवर (जमिनीवरच्या फटक्यावर) वाचलाय. पुढच्या इनिंगला बुलपेनमध्ये कोण उठतं ते बघायचं. फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न हलवता बाद झाला तर 'के' उलटा काढतात. ही माझी सगळ्यात आवडती खूण. पिचरने फसवलं की अंपायरने, यावर कार्डाकडे बोट दाखवून वाद घालता येतो.

टोरोंटोच्या चार सामन्यांत वही खरी कामाला आली. व्हँकुव्हरहून सिॲटल गाडीने सव्वादोनशे किलोमीटर आणि कॅनडात मोठ्या लीगचा दुसरा संघ नाही, त्यामुळे ब्लू जेज आले की निम्मं स्टेडियम निळं होतं. घरचा संघ पाहुणा वाटायला लागतो. चारही दिवस लागोपाठ, मध्ये सुट्टी नाही. पहिला सामना ८-३ असा सुटला, बुलपेनला फार त्रास नाही. दुसऱ्या दिवशी, ८ जुलैला, नऊ इनिंगांत बरोबरी. दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाचा एक रनर आपोआप दुसऱ्या बेसवर उभा केला जातो. हा २०२० चा नियम, जुन्या लोकांना अजून पटलेला नाही. अशा रनरची धाव झाली तरी पिचरच्या सरासरीत धरत नाहीत, म्हणून कार्डावर त्याचा हिरा वेगळ्या रंगाने काढावा. अकराव्या इनिंगला एउहेनिओ सुआरेझने तीन धावांचा होम रन मारला आणि ५-२.

जल्लोष ठीक, पण वहीच्या दृष्टीने तो सामना महाग होता. अकरा इनिंग म्हणजे ३३ आउट, आणि पुढे आणखी दोन दिवस तोच प्रतिस्पर्धी. चार सामन्यांत मिळून ३८ इनिंग, ११४ आउट. ९ तारखेचा सामना २-१ ने जिंकला गेला. आदल्या रात्री बुलपेन ताणलेलं असताना एका धावेची आघाडी राखायची, यात स्टार्टर किती खोल गेला हाच प्रश्न असतो. १० जुलैला, इकडे पंढरपुरात आषाढी होती त्या रविवारी, कार्लोस सँटानाने दोन होम रन मारले, त्यातला दुसरा आठव्या इनिंगमध्ये आघाडी देणारा, आणि ६-५. सँटानाला जूनच्या शेवटी कॅन्सस सिटीकडून आणलेलं होतं. सरासरी बघून लोकांनी नाक मुरडलं होतं.

या चार सामन्यांचं वजन गुणतक्त्यात दुप्पट होतं, ते कसं हेही सांगायला हवं. इथे गुण नसतात, "किती सामने मागे" असतं. दोन संघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून दोनने भागायचं. ऑल-स्टारच्या वेळी गटात पहिला असलेला ह्यूस्टन ५९-३२ आणि सिॲटल ५१-४२. विजयांत ८, पराभवांत १०, बेरीज १८, म्हणून नऊ सामने मागे. तिसऱ्या कोणाला हरवलं तर अंतर अर्ध्या सामन्याने कमी होतं. थेट प्रतिस्पर्ध्याला हरवलं तर पूर्ण एकाने. टोरोंटो वाइल्ड कार्डच्या (गट न जिंकताही बाद फेरीत नेणाऱ्या जागेच्या) शर्यतीत होता, म्हणजे चार दिवसांत चार सामन्यांचा फेर. त्यात २०२२ पासून बरोबरी सुटायला जादा सामना खेळायची पद्धत बंद झाली. आपसांतल्या सामन्यांत कोण पुढे, यावर निकाल. ती बाजूही या चार दिवसांत सिॲटलकडे झुकली. त्याच वर्षी वाइल्ड कार्डच्या जागा प्रत्येक लीगमध्ये तीन झाल्या होत्या, त्यामुळे नऊ सामने मागे असूनही जुलैला अर्थ होता.

मैदानावर जाणाऱ्यांसाठी थोडं. टी-मोबाइल पार्कला जवळपास ४८ हजार बसतात. लाइट रेल्वेच्या स्टेडियम स्टेशनवर उतरून चालत जावं, गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नये. तिसऱ्या बेसच्या बाजूला संध्याकाळी सावली लवकर येते. उजव्या आउटफिल्डला सूर्य डोळ्यांत, आणि जुलैत तिथे सूर्यास्त नऊच्या सुमारास. छप्पर सरकतं, पण बाजू उघड्याच राहतात. ती छत्री आहे, खोली नव्हे. सूर्य गेला की जुलैतही अंगावर काहीतरी लागतं. बाहेरचं खाणं आत नेता येतं, काचेची बाटली आणि कॅन सोडून. थालीपीठ आणि कोरडी चटणी सातव्या इनिंगपर्यंत टिकते, पोळीभाजीची गुंडाळी ओली होते. आत भाजलेले टोळही मिळतात; २०१७ मध्ये त्यांना एका सामन्याला ३१२ वाट्यांची मर्यादा घातली होती, संघाचा जुना फलंदाज एडगर मार्टिनेझ याच्या कारकिर्दीच्या .३१२ सरासरीच्या मानाने. शेजारून मालगाड्या जातात आणि नेमक्या तीन बॉल, दोन स्ट्राइक झालेल्या चेंडूला भोंगा वाजतो.

११ जुलैची सुट्टी आणि त्यानंतर १२ ला वॉशिंग्टनमध्ये पाऊस. सामना रद्द, दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात दोन. पहाटे साडेचारचा गजर लावून उठलेला माणूस पावसाला शिव्या घालतो. वहीवाला खूश होतो. टोरोंटोच्या चार दिवसांनंतर बुलपेनला सलग दोन दिवस मिळाले, दोन रकाने पूर्ण कोरे. मात्र त्याची किंमत पुढे चुकवायची असते. १३ ला दोन सामने, आणि २०२२ मध्ये ते पुन्हा पूर्ण नऊ-नऊ इनिंगांचे झाले होते (आधीची दोन वर्षं सात-सातचे होते). मग रात्री टेक्ससकडे सुमारे १,९०० किलोमीटरचं उड्डाण आणि १४ पासून रोज सामना. पाच दिवसांत सहा सामने, त्यातला १६ जुलैचा दहा इनिंगांचा. किमान ५५ इनिंग, १६५ आउट. स्टार्टरांनी सरासरी साडेपाच इनिंग टाकल्या असं धरलं तरी २२ इनिंग आठ जणांत वाटायच्या.

दोन सामन्यांच्या दिवशी संघाला सत्ताविसावा खेळाडू घेण्याची मुभा असते, बहुतेक वेळा तो पिचरच असतो. पहिल्या सामन्यात चांगले रिलीव्हर खर्च करायचे की दुसऱ्यासाठी ठेवायचे, हा मॅनेजरचा पेच. स्कॉट सर्व्हिस यांनी त्या दिवशी दोन्ही सामने काढले, ६-४ आणि २-१. दुसरा स्कोअर बघा. दिवसातल्या अठराव्या इनिंगला एका धावेची आघाडी. ज्याने दुपारी वीस चेंडू टाकलेत त्याला संध्याकाळी परत आणलं जात नाही, म्हणून दोन सामन्यांना दोन वेगळे शेवट लागतात. एकच भरवशाचा क्लोजर असलेला संघ इथे अडकतो. सिॲटलकडे शेवट करू शकणारे चार होते, आणि माझ्या मते चौदा विजयांचं खरं कारण हेच. रिलीव्हरला किमान तीन फलंदाज किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं, त्यामुळे एका डावखुऱ्या फलंदाजापुरता माणूस आणून वाया घालवायची सोयही नाही.

टेक्ससच्या मैदानाला छप्पर आणि वातानुकूलन असल्यामुळे तिथल्या उकाड्याचा प्रश्न २०२० पासून मिटला आहे. १४ ला ६-५. १५ ला हुलिओ रॉड्रिगेझने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला, चार धावा एका फटक्यात, आणि ८-३. अशा मोठ्या आघाडीचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी दिसतो: शेवटच्या इनिंगा मागच्या फळीतले टाकतात आणि चांगल्यांच्या चौकटी कोऱ्या राहतात. १६ ला दहा इनिंगांत ३-२. १७ ला ६-२. चौदा. १९ जूनला हाच संघ २९-३९ होता; तिथपासूनच्या पंचवीस सामन्यांत बावीस विजय.

यानंतर वही चार दिवस मिटते. होम रनच्या स्पर्धेत रॉड्रिगेझने लॉस एंजेलिसला ८१ चेंडू बाहेर मारले आणि हुआन सोटोच्या मागे दुसरा आला. २२ जुलैला ह्यूस्टन सिॲटलमध्ये आलं तेव्हा मनगट दुखत असल्याने रॉड्रिगेझ खेळला नाही. स्टेडियम खच्चून भरलेलं, आणि तीनही सामने ह्यूस्टनने नेले. यावेळी बुलपेन पूर्ण विश्रांती घेतलेलं होतं, सगळे रकाने कोरे. वही सगळं सांगत नाही ती अशी.

जुलैत वही आणखी एका कामासाठी बघायची असते: कोण दमतंय. रे आणि गिल्बर्ट सोडले तर सहाव्या इनिंगनंतर टिकणारा स्टार्टर कमी होता आणि खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत २ ऑगस्टला संपत होती. २९ जुलैला सिॲटलने सिनसिनाटीकडून लुइस कॅस्टियो या स्टार्टरला घेतलं. बदल्यात चार तरुण खेळाडू दिले, त्यात नोएल्वी मार्टे हा संघाचा सर्वात नावाजलेला उमेदवार. किंमत जास्त वाटली. ९ ऑगस्टला यांकीजविरुद्ध कॅस्टियोने आठ इनिंग एकही धाव न देता टाकल्या, समोर गेरिट कोलने सात. नवव्या ते तेराव्या अशा पाच इनिंग बुलपेनने शून्यावर काढल्या, त्यातल्या चार दुसऱ्या बेसवर आयता रनर उभा असताना. तेराव्यात लुइस टोरेन्सच्या सिंगलवर १-०.